सरकारी जमिनी आणि इमारतींचा कारभार : कोल्हापूर जिल्ह्यात नव्याने जबाबदारी घेणाऱ्यांसाठी

ग्रामपंचायतीत नुकतेच रुजू झालेले अधिकारी, पहिल्यांदा निवडून आलेले सदस्य, नगरपालिकेच्या किंवा महानगरपालिकेच्या इस्टेट विभागात बदली होऊन आलेले लिपिक आणि एखाद्या शासकीय इमारतीची जबाबदारी अंगावर आलेले कर्मचारी यांच्यासाठी हा लेख आहे. सार्वजनिक मालमत्ता एखाद्या गाजलेल्या प्रकरणात एकदम हातातून जाते असे क्वचितच घडते. फेरफार (हक्कातील बदलाची नोंद) धरला गेला नाही, हद्दीचे दगड बसवले नाहीत, भाडेकराराची मुदत संपली तरी कोणी पाहिले नाही, बदलीच्या वेळी जुनी फाईल कपाटात राहिली, अशा लहान लहान दुर्लक्षांतून ती वर्षानुवर्षे झिजत जाते. म्हणून प्रत्येक मालमत्तेच्या फायलीच्या पहिल्या पानावर चार गोष्टी तारखेसह लिहिलेल्या असल्या पाहिजेत: नोंद कोणाच्या नावावर आहे, हद्द कधी मोजली आहे, आज प्रत्यक्ष ताबा कोणाचा आहे आणि कोणती मुदत कधी संपते. पुढील सगळ्या पायऱ्या ही चार उत्तरे मिळवण्यासाठी आणि ती ताजी ठेवण्यासाठी आहेत.

मालक कोण, हे आधी ठरवा

लोकांच्या बोलण्यात सगळीच जागा सरकारी असते. कागदावर मात्र तिचे मालक वेगवेगळे असतात आणि मालक चुकला की पुढची प्रत्येक नोटीस, प्रत्येक करार आणि प्रत्येक ठराव चुकतो. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २० प्रमाणे जी जमीन, जो रस्ता किंवा नदी-नाल्याचे जे पात्र दुसऱ्या कोणाच्या मालकीचे नाही, ते राज्य शासनाचे असते. त्यातील काही जमिनी कलम २२ खाली गुरचरण (गायरान), स्मशानभूमी, गावठाण अशा विशिष्ट कामांसाठी राखून ठेवलेल्या असतात. आपल्या जिल्ह्यात गायरानाच्या जोडीने मुलकीपड म्हणून नोंदलेल्या पडीक सरकारी जमिनीही अनेक गावांत आहेत. गायरानाची देखभाल ग्रामपंचायतीकडे असली तरी मालकी शासनाचीच राहते. त्यामुळे केवळ ग्रामसभेचा ठराव करून ते कोणत्याही संस्थेला, मंडळाला किंवा व्यक्तीला देता येत नाही. पंजाबमधील एका गावतळ्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २८ जानेवारी २०११ रोजी गावाच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणांबाबत सर्व राज्यांना कडक निर्देश दिले आणि त्यानंतर १२ जुलै २०११ रोजी महाराष्ट्र शासनाने गायरानांच्या वापरावर स्पष्ट निर्बंध घालणारा निर्णय काढला. गायरानाचा कोणताही प्रस्ताव समोर आला की हा निर्णय आधी वाचावा.

ज्या जमिनी शासनाने ग्रामपंचायतीकडे निहित केल्या, म्हणजे कायद्याने सोपवल्या आहेत, ज्या ग्रामपंचायतीने स्वतः खरेदी केल्या किंवा बक्षीसपत्राने मिळवल्या, ज्या जिल्हा परिषदेच्या शाळेसाठी किंवा दवाखान्यासाठी दिल्या गेल्या आणि ज्या सार्वजनिक बांधकाम, पाटबंधारे किंवा वन विभागाच्या आहेत, त्या वेगवेगळ्या लिहाव्यात. देवस्थान इनामाची, म्हणजे देवाच्या पूजाअर्चेसाठी पूर्वी दिलेली जमीन ही यांपैकी कशातच बसत नाही. पश्चिम महाराष्ट्र देवस्थान व्यवस्थापन समितीचे मुख्यालय कोल्हापुरातच असल्याने आणि जिल्ह्यात अशा जमिनी पुष्कळ असल्याने हा घोळ येथे वारंवार होतो. ती जमीन देवस्थानची असते. तिला सरकारी पडीक समजून परस्पर वापरात घेणेही चूक आणि वहिवाटदाराच्या खासगी मालकीची समजणेही चूक.

शहरात आणखी एक पेच असतो. कोल्हापूर नगरपालिका १८५४ मध्ये स्थापन झाली आणि १९७२ मध्ये तिची महानगरपालिका झाली, त्यामुळे शहरातील काही मालमत्तांचे मूळ कागद संस्थानकाळातील आहेत, काही नगरपालिकेच्या नावाचे आहेत आणि काही नंतरच्या विकास आराखड्यातील आरक्षणांतून आलेले आहेत. रेखांकन (भूखंड पाडण्याचा आराखडा, लेआउट) मंजूर करताना विकसकाने सोडलेली खुली जागा वर्षानुवर्षे मूळ मालकाच्याच नावावर राहते, ही यातील सर्वांत धोकादायक स्थिती आहे. मुले तेथे खेळत असतात, नगरसेवकांच्या निधीतून बाकडीही बसलेली असतात, पण मिळकत पत्रिका (शहरातील जागेचा मालकी दाखवणारा उतारा) खासगी नावाची असते आणि एके दिवशी त्या जागेची विक्री नोंदवली जाते. नव्याने पदभार घेतल्यावर मंजूर रेखांकनांची यादी मिळवून प्रत्येक खुल्या जागेची मिळकत पत्रिका काढणे हे पहिल्या वर्षाच्या कामात धरलेच पाहिजे.

कागद गोळा करा आणि एकमेकांशी ताडून पाहा

ग्रामीण भागासाठी सातबारा, फेरफार, गट नकाशा, आकारबंद (क्षेत्र आणि आकारणीचे पत्रक) आणि तलाठी, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्यांकडील गाव नमुना १-ब हे कागद घ्यावेत. १-ब मध्ये गावातील बिनभोगवट्याच्या सरकारी जमिनी असतात आणि १-ई मध्ये अतिक्रमणे. ग्रामपंचायतीकडे नमुना २२ मध्ये स्थावर मालमत्ता, नमुना २३ मध्ये रस्ते आणि नमुना २४ मध्ये जमिनी यांची नोंद असते. या दोन बाजू शेजारी ठेवून वाचल्या की बहुतेक गावांत तफावत दिसते: १-ब मधील जमीन नमुना २४ मध्ये नसते, किंवा नमुना २२ मधील समाजमंदिर ज्या गटात उभे आहे तो गट कोणा खातेदाराच्या नावावर असतो. पाणंद रस्त्यांच्या (शेतात जाणाऱ्या वाटांच्या) बाबतीत नमुना २३ आणि गाव नकाशा ताडून पाहणे फार उपयोगी पडते, कारण नांगरता नांगरता पाणंद अरुंद होत जाते आणि मूळ रुंदी नकाशाखेरीज कोठेच उरत नाही.

शहरात सिटी सर्व्हेची मिळकत पत्रिका हा मुख्य कागद असतो. कोल्हापूर शहराचे सि.स.नं. (सिटी सर्व्हे नंबर) हे ए, बी, सी, डी आणि ई वॉर्डांप्रमाणे दिलेले असल्यामुळे वॉर्डाच्या अक्षराशिवाय लिहिलेला क्रमांक निरुपयोगी असतो. एकच आकडा दोन वॉर्डांत असू शकतो. उपनगरांत आणि हद्दीलगतच्या भागात जुन्या फायलींत रि.स.नं. (रिव्हिजन सर्व्हे नंबर) असतो, तर पुढच्या कागदांत सि.स.नं. किंवा गट क्रमांक येतो. या क्रमांकांचा मेळ घालणारा तक्ता भूमी अभिलेख कार्यालयातून खात्री करून घ्यावा आणि फायलीत पक्का लावून ठेवावा. आपल्या अंदाजाने पेन्सिलीने लिहिलेला मेळ पुढे न्यायालयात टिकत नाही.

करवीर संस्थान १ मार्च १९४९ रोजी मुंबई राज्यात विलीन झाले. त्याआधीचे दप्तर बऱ्याच अंशी मोडीत आहे आणि संस्थानचे अभिलेख कोल्हापूर पुराभिलेखागारात जतन केलेले आहेत. एखाद्या तालमीला, वसतिगृहाला किंवा धर्मशाळेला दरबाराने जागा दिली होती असे सांगितले जाते, तेव्हा ती मालकी हक्काने दिली होती की वापरासाठी, कायमची की विशिष्ट कामापुरती, हे मूळ हुकुमावरूनच ठरते. अशा प्रकरणात मोडी वाचकाकडून लिप्यंतर करून घेण्याचा थोडा खर्च जरूर करावा. राजर्षी शाहू महाराजांच्या काळात शिक्षणासाठी आणि वसतिगृहांसाठी दिल्या गेलेल्या जागांचा हेतू आजही पाळला जातो की नाही, हे पाहणे म्हणजे त्या जागा देण्यामागील विचाराचा मान राखणे आहे, असे मला मनापासून वाटते.

भूसंपादन झालेल्या जमिनींकडे वेगळे लक्ष द्यावे. निवाडा (संपादनाचा व मोबदल्याचा आदेश) झाला, मोबदला दिला, कब्जेपट्टी (ताबा घेतल्याचा कागद) झाली, पण फेरफार झालाच नाही, अशी प्रकरणे रस्ते आणि पाटबंधाऱ्यांच्या कामांत नेहमी सापडतात. निवाड्याची प्रत आणि कब्जेपट्टी मिळाली की त्याच आठवड्यात फेरफारासाठी अर्ज करावा. केवळ लेखनप्रमाद असेल तर तो संहितेच्या कलम १५५ खाली दुरुस्त होऊ शकतो. हक्काचाच वाद असेल तर रीतसर अपील करावे लागते. अधिकार अभिलेखातील नोंद विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी मानली जाते, असे कलम १५७ सांगते. म्हणजे चुकीची नोंद जितकी वर्षे राहील तितके ते गृहीतक आपल्याविरुद्ध वापरले जाते.

जागेवर जा, मोजा, दगड बसवा

हद्द कायम मोजणीसाठी भूमी अभिलेख उपअधीक्षकांकडे ऑनलाइन अर्ज करता येतो. लगतच्या खातेदारांना नोटिसा मिळाल्या आहेत याची पोच फायलीत लावून घ्यावी, कारण नोटीस न देता झालेल्या मोजणीवर पहिला आक्षेप तोच येतो. मोजणीनंतर मिळणारी नकाशाची ‘क’ प्रत लॅमिनेट करून कपाटात ठेवून भागत नाही. तिच्याप्रमाणे जागेवर दगड किंवा सिमेंटचे खांब लावले पाहिजेत, त्यांची अक्षांश-रेखांशासह छायाचित्रे घेतली पाहिजेत आणि लगतच्या खातेदारांच्या उपस्थितीचा पंचनामा केला पाहिजे.

मोजणीची वेळ येथे महत्त्वाची ठरते. करवीर, हातकणंगले, शिरोळ आणि कागल तालुक्यांच्या उसाच्या पट्ट्यात ऊस उभा असताना हद्द दिसतही नाही आणि पिकात शिरण्यावरून तंटाही होतो. गाळप हंगामात लगतच्या रानाची तोड झाली की खोडवा वाढण्यापूर्वी मोजणी करून घ्यावी. राधानगरी, गगनबावडा, शाहूवाडी, आजरा आणि चंदगडच्या डोंगराळ, जास्त पावसाच्या भागात मेअखेरपर्यंत दगड बसलेले असावेत. नदीकाठच्या जमिनींत पुरानंतर गाळ साचून किंवा काठ खचून खुणा गाडल्या जातात, त्यामुळे अशा जागांची पाहणी दर वर्षी पावसाळा सरल्यावर पुन्हा करावी. तारेचे कुंपण निधीअभावी लगेच शक्य नसेल, तर निदान हद्दीवर झाडे लावावीत आणि मालकाचे नाव, गट क्रमांक व क्षेत्र लिहिलेला फलक उभा करावा. पाच ओळींचा असा फलक लागला की गावकरीच पुष्कळ राखण करतात.

एकच नोंदवही, एकच क्रमांक

प्रत्येक मालमत्तेला एक कायम क्रमांक द्यावा आणि भाडे, दुरुस्ती, वीज, विमा, न्यायालयीन दावा अशा सर्व फायलींवर तोच क्रमांक घालावा. भाड्याची फाईल एका टेबलावर, दुरुस्तीची बांधकाम विभागात आणि दाव्याची वकिलांकडे अशी विभागणी असते, आणि तिन्हींत जागेचे वर्णन निराळे असते. मग थकबाकीदार भाडेकरूच्याच गाळ्यावर दुरुस्तीचा खर्च होतो आणि ते कोणालाच समजत नाही. संगणकावर तक्ता ठेवावा, परंतु वर्षातून एकदा, शक्यतो एप्रिलमध्ये, त्याची छापील प्रत काढून प्रत्यक्ष पडताळणी करणाऱ्याने तारखेसह सही करावी. पडताळणी करणारी व्यक्ती भाडे वसूल करणारी नसावी.

रिकाम्या आणि अर्धवट वापरातल्या जागा

नोंदवही तयार झाल्यावर पहिला खरा फायदा येथे दिसतो. एखादे कार्यालय खासगी इमारतीत भाडे भरत असते आणि त्याच गावात दुसऱ्या विभागाची पक्की इमारत कुलूपबंद पडलेली असते. दोन्ही माहिती शासनाकडेच असते, पण ती एका कागदावर कधी येत नाही. म्हणून प्रत्येक इमारतीसमोर चटई क्षेत्र, किती माणसे बसतात, कोणत्या खोल्या बंद आहेत, वार्षिक वीज व दुरुस्ती खर्च किती आणि त्या भागात तेवढ्या जागेला चालू भाडे काय, हे लिहावे. बंद खोली म्हणजे फुकटची जागा नव्हे. तिची कौले सरकतात, वाळवी लागते, दारे-खिडक्या जातात आणि चार-पाच पावसाळ्यांत दुरुस्तीचा खर्च नव्या बांधकामाच्या जवळ जातो.

पुढे चार मार्ग असतात: मूळ कामासाठी वापर सुरू करणे, दुसऱ्या विभागाला देणे, भाड्याने देणे किंवा इमारत पाडणे. एका विभागाकडून दुसऱ्या विभागाला जागा द्यायची तर दोन अधिकाऱ्यांच्या आपसातील पत्रावर थांबू नये. सक्षम अधिकाऱ्याचा आदेश, ताबा पावती आणि नोंदीतील बदल या तिन्ही गोष्टी पूर्ण कराव्यात. पडक्या शाळाखोल्यांसारख्या इमारती पाडायच्या असतील तर अभियंत्याचा अहवाल आणि निर्लेखनाची (नोंदीतून कमी करण्याची) मंजुरी आधी लागते. सागवान, लोखंड, कौले यांची यादी करून त्यांचा लिलाव होतो आणि रक्कम जमा केल्याची पावती फायलीत लागते. गावकऱ्यांच्या भावना एखाद्या जुन्या शाळेत गुंतलेल्या असतात, म्हणून पाडण्यापूर्वी ग्रामसभेत तांत्रिक अहवाल वाचून दाखवावा.

भाडेपट्टा: सर्वांत जास्त नुकसान येथेच होते

नव्या कर्मचाऱ्याने प्रथम चालू करारांची यादी मुदत संपण्याच्या तारखेच्या क्रमाने लावावी. ज्यांची मुदत आधीच संपली आहे ते वर येतील आणि ती संख्या पाहून काळजी वाटणे स्वाभाविक आहे. मुदत संपल्यावरही नेहमीच्या पावतीवर भाडे घेत राहिल्यास, करार पुढे चालू राहिला असे भाडेकरू मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम ११६ च्या आधारे म्हणू शकतो. त्यामुळे नूतनीकरणाचा निर्णय होईपर्यंत येणारी रक्कम हक्काला बाध न येता, वापराची नुकसानभरपाई म्हणून स्वीकारल्याचे पावतीवर स्पष्ट लिहावे. मुदत संपण्यापूर्वी किमान सहा महिने नोटीस काढण्याची तारीख नोंदवहीतच घालून ठेवावी.

एक वर्षापेक्षा अधिक मुदतीचा भाडेपट्टा नोंदणी अधिनियम, १९०८ च्या कलम १७ प्रमाणे नोंदवावाच लागतो. अकरा महिन्यांचे करार पुन्हा पुन्हा करून एकाच व्यक्तीला वर्षानुवर्षे जागा देणे म्हणजे लिलाव आणि मंजुरी दोन्ही टाळणे होय, आणि लेखापरीक्षक ते बरोबर ओळखतात. ग्रामपंचायतीला तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्यासाठी आणि कोणत्याही विक्रीसाठी जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांची पूर्वमंजुरी लागते; शासनाने निहित केलेल्या जमिनींवर शासनाच्या अटी आणखी वेगळ्या असतात. महानगरपालिकेच्या मालमत्तांसाठी महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाचे कलम ७९ आहे आणि भाडेपट्ट्याचे नूतनीकरण व हस्तांतरण यांसाठी २०१९ मध्ये स्वतंत्र नियम आले. भाडे रेडीरेकनरमधील (शासनाच्या वार्षिक मूल्यदर तक्त्यातील) मूल्याशी जोडल्यामुळे गाळेधारक आणि महापालिका यांच्यात राज्यभर वाद झाले आणि पुढे नियमांत सुधारणाही झाली. म्हणून भाडे ठरवताना आजच्या तारखेला लागू असलेला नियम आणि आजचा मूल्यदर तक्ता हेच पाहावे. मागच्या फायलीतील आकडेमोड जशीच्या तशी उतरवू नये.

गाळेधारकाची बाजूही समजून घ्यावी. वीस वर्षे नाममात्र भाडे घेऊन एकदम मागील काळाच्या फरकासह मोठी मागणी काढली, तर छोटा व्यापारी ती भरू शकत नाही, प्रकरण न्यायालयात जाते आणि संस्थेला जुने भाडेही मिळत नाही. करारातच दर वर्षाची वाढ लिहिलेली असली की हा प्रसंग येत नाही. अनामत रक्कम, पोटभाडेकरू ठेवण्यास मनाई, वारसाच्या नावे हस्तांतरणाची रीत, घरफाळा, पाणीपट्टी, वीज आणि जीएसटी कोणी भरायचा, बांधकामात बदल करण्यास बंदी आणि मुदत संपल्यावर रिकामा ताबा देण्याची अट, ही कलमे वकिलांकडून तपासून घ्यावीत. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ शासनाच्या आणि स्थानिक संस्थांच्या मालकीच्या जागांना लागू होत नाही. ही गोष्ट बऱ्याच भाडेकरूंना आणि काही कर्मचाऱ्यांनाही ठाऊक नसते.

तालमी, तरुण मंडळे, वाचनालये, बालवाड्या यांना सवलतीच्या भाड्याने जागा देणे कोल्हापूरच्या सार्वजनिक जीवनाला धरूनच आहे आणि त्याला माझा विरोध नाही. मात्र तीन अटी असाव्यात. सवलत का दिली याचे कारण ठरावात लिहावे. त्या जागेचे बाजारभावाने होणारे भाडे शेजारी लिहावे, म्हणजे लोकांना आपण काय सोडून देत आहोत ते कळेल. आणि ज्या कामासाठी जागा दिली तेच काम चालू आहे का, याची दर वर्षी पाहणी व्हावी. तालमीच्या जागेत व्यायाम बंद होऊन पुढच्या बाजूला दुकाने निघाली असतील तर तो शर्तभंग आहे आणि भाडे नियमित भरले जाते म्हणून तो माफ होत नाही.

अतिक्रमण

अतिक्रमण दिसले की त्याच दिवशी पंचनामा, मोजमाप आणि छायाचित्रे करावीत. नव्या पायाचे चार दगड हलवणे आणि दहा वर्षांचे घर हलवणे यांत कायद्याच्या आणि माणुसकीच्या, दोन्ही दृष्टींनी फार फरक आहे. शासनाच्या जमिनीवरील अतिक्रमणासाठी जमीन महसूल संहितेचे कलम ५०, मुदत संपलेल्या किंवा शर्तभंग केलेल्या धारकासाठी कलम ५३, ग्रामपंचायतीच्या रस्त्यांसाठी व मोकळ्या जागांसाठी ग्रामपंचायत अधिनियमाचे कलम ५३ आणि महापालिकेच्या मिळकतींसाठी तिच्या अधिनियमातील कलम ८१-ब अशी वेगवेगळी तरतूद आहे. कोणते कलम लागू होते हे मालकीवरून ठरते, म्हणूनच पहिली पायरी इतकी महत्त्वाची आहे. नोटीस, म्हणणे मांडण्याची संधी आणि कारणांसह लेखी आदेश या क्रमातील एकही टप्पा वगळू नये. घाईने केलेली कारवाई स्थगितीत अडकते आणि ती स्थगिती अनेक वर्षे चालते.

मुदतीची एक बाब प्रत्येक नवागताने लक्षात ठेवावी. मुदत अधिनियम, १९६३ प्रमाणे राज्य शासनाला दावा करण्यासाठी ३० वर्षे मिळतात. सार्वजनिक रस्त्याच्या ताब्यासाठी स्थानिक संस्थेलाही ३० वर्षे आहेत, परंतु स्थानिक संस्थेच्या इतर जमिनींना सर्वसाधारण १२ वर्षांचीच मुदत लागू होते. ग्रामपंचायतीची खरेदी केलेली जागा किंवा महापालिकेचा भूखंड बारा वर्षे दुसऱ्याच्या उघड व विरोधी ताब्यात राहिला, तर मालकी गमावण्याचा धोका खरा आहे. तसेच दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० ची नोटीस आली, तर तिला दोन महिन्यांच्या आत विधी सल्ला घेऊन उत्तर द्यावे. ती आवक नोंदवहीत पडून राहिली तर पुढचा दावा एकतर्फी होऊ शकतो.

निवडून आलेल्या सदस्यांनी हेही जाणून घ्यावे की शासकीय किंवा सार्वजनिक जागेवर अतिक्रमण करणारी व्यक्ती ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १४ खाली सदस्यत्वास अपात्र ठरते, आणि कुटुंबाने केलेल्या व सदस्याने चालू ठेवलेल्या अतिक्रमणालाही ही अपात्रता लागू होते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे. दुसरीकडे, भूमिहीनांच्या जुन्या राहत्या घरांसाठी शासनाची नियमानुकूल करण्याची धोरणे असतात. अशा कुटुंबांची पात्रता आधी तपासावी, पर्यायी जागेचा विचार करावा आणि भर पावसाळ्यात कोणाचेही राहते घर पाडू नये.

इमारती सांभाळणे

प्रत्येक इमारतीची वर्षातून दोनदा पाहणी करावी: एकदा एप्रिल-मेमध्ये गच्ची, पन्हाळी, कौले आणि गटारे यांसाठी आणि एकदा ऑक्टोबरमध्ये पावसाने काय बिघडले हे पाहण्यासाठी. तीस वर्षांहून जुन्या इमारतींचे संरचनात्मक परीक्षण करून घ्यावे आणि त्यात इमारत अतिधोकादायक ठरली तर अहवाल दाबून न ठेवता ती रिकामी करावी. आग प्रतिबंधक कायद्याप्रमाणे यंत्रणा सुस्थितीत असल्याचे ‘ब’ नमुन्यातील प्रमाणपत्र जानेवारी आणि जुलै असे वर्षातून दोनदा लागते. १९१५ मध्ये उभारलेले केशवराव भोसले नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आगीत भस्मसात झाले, तेव्हा शहराने किती मोठा ठेवा गमावला हे आपण सर्वांनी अनुभवले आहे. लाकडी बांधकामाच्या प्रत्येक जुन्या सार्वजनिक इमारतीत वायरिंगची तपासणी, अग्निशामक नळकांडी, विम्याची चालू रक्कम आणि इमारतीची मोजमापांसह रेखाचित्रे तयार असली पाहिजेत. वारसा यादीतील इमारतीची दुरुस्ती नेहमीच्या दरसूचीवर सिमेंटचे गिलावे मारून करायची नसते. चुना, दगड आणि लाकूड यांचे काम जाणणारे कारागीर आणि वारसा समितीचा सल्ला दोन्ही लागतात.

पुराचा विचार येथे वेगळा करावाच लागतो. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. २०१९ आणि २०२१ मध्ये पाणी त्याच्या कितीतरी वर गेले. प्रत्येक मालमत्तेसमोर ती निळ्या पूररेषेच्या आत आहे, निळ्या आणि लाल रेषांच्या मध्ये आहे की बाहेर, हे लिहावे. निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या आणि लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची असते. पूरक्षेत्रातील कार्यालयांत दप्तर, सर्व्हर आणि वीजपेटी तळमजल्यावर ठेवू नये आणि मालकीच्या मूळ कागदांची स्कॅन प्रत दुसऱ्या ठिकाणी असावी.

दुरुस्तीच्या कामात अंदाजपत्रक, तांत्रिक मंजुरी, प्रशासकीय मान्यता आणि निविदा हा क्रम सर्वांना ठाऊक असतो. दोषदायित्व कालावधी, म्हणजे कामातील दोष ठेकेदाराने स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करण्याची मुदत, मात्र विसरला जातो. तो संपण्याच्या एक महिना आधी पाहणी करून गळती, तडे, उखडलेल्या फरशा यांची यादी ठेकेदाराला लेखी द्यावी. अन्यथा सुरक्षा अनामत परत जाते आणि तोच दोष पुढच्या वर्षी पुन्हा सरकारी खर्चाने दुरुस्त होतो.

हिशेब लोकांपुढे ठेवणे आणि कार्यभार देणे

माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४ प्रमाणे स्वतःहून माहिती प्रसिद्ध करणे हे प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाचे कर्तव्य आहे. मालमत्तांची यादी, क्षेत्र, भाडेकरू संस्थेचे नाव, भाडे, मुदत आणि थकबाकी एवढा तक्ता ग्रामपंचायतीच्या फलकावर किंवा संकेतस्थळावर लावला की अर्जही कमी होतात आणि संशयही. स्थानिक निधी लेखापरीक्षेतील मालमत्तांविषयीचे आक्षेप वेगळ्या वहीत काढून प्रत्येकापुढे पूर्तता कोण करणार आणि कधीपर्यंत, हे लिहावे. ‘कार्यवाही सुरू आहे’ असे उत्तर सलग दोन वर्षे देऊ नये.

बदली झाल्यावर कार्यभार यादीत मालमत्ता नोंदवही, मूळ दस्तांची क्रमवार यादी, किल्ल्या, चालू दावे आणि त्यांच्या पुढील तारखा, तसेच येत्या बारा महिन्यांत संपणाऱ्या मुदती यांचा समावेश असावा. नव्याने येणाऱ्याने त्या यादीवर सही करण्यापूर्वी काही मालमत्ता स्वतः निवडून जागेवर जाऊन पाहाव्यात आणि कागद व जागा यांत जेथे फरक दिसेल तेथे तो फरक सहीच्या वरच, तारखेसह लिहून ठेवावा.